हसन पाटलांचा जबाब

माझं आजवरचं सगळ्यात प्रामाणिक वर्णन हसन पाटलांच्या वहीत आहे. लग्नाच्या वेळी आईनं मुलाकडच्यांना जो कागद पाठवला होता, त्यात मी 'गहूवर्णी, सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष' होते. पाटलांच्या वहीत मी अशी आहे : 'स्त्री, वय अंदाजे पंचावन्न, बांधा स्थूल, उजव्या भुवईवर जुना व्रण, साडी सुती जांभळी, डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला, दिशा शाळेकडे, मुद्रा रागीट.' आईच्या कागदातलं एकही विशेषण पुढे टिकलं नाही. पाटलांचं एकही खोडून काढता येत नाही. रागाचं कारण मात्र ते स्वतःच होते, आणि ते त्यांनी नोंदवलेलं नाही.

लोहगडाच्या मागच्या अंगाला, धरणाच्या पाण्याकडं उतरणाऱ्या रस्त्यावर आमची वाडी. तिथल्या दोनशिक्षकी शाळेत मी नऊ वर्षं काढली. हसन मुलाणी हे गावचे पोलीस पाटील. पोलीस आणि गाव यांच्या मधे उभा असलेला हा माणूस. चोरी झाली, डोकी फुटली, कुणी अवचित गेलं, की ठाण्यात कळवायचं ते यानं. पोलीस आले की पंच म्हणून दोन माणसं गोळा करायची तीही यानंच, आणि जे दिसलं ते कागदावर उतरेपर्यंत तिथं थांबायचं. सरकार याला जे मानधन देतं त्यात मानच जास्त असतो. मुलाण्यांची तीनच घरं वाडीत, पण बांधाचा तंटा असो की गावजेवणात पहिल्या पंगतीला कोण बसणार याचा, लोक पाटलांच्या ओट्यावर यायचे. पाटील दोन्ही बाजू ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पाह्यलं त्ये जातं, लिवलं त्ये ऱ्हातं. तवा आदी लिवून द्या." निम्मे तंटे तिथंच मिटायचे, कारण लिहून द्यायला कुणी तयार नसायचं.

वीस वर्षं पंचनामे लिहून त्यांच्या बोलण्यालाही पंचनाम्याची सवय लागली होती. एकदा मी त्यांच्याकडं चहाला गेले होते. त्यांच्या बायकोनं, जुबेदाभाभींनी, भाकरी जरा जास्तच भाजली होती. पाटलांनी ताटाकडं पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "सदर भाकरी उत्तर-दक्षिण पडल्याली हाय. पूर्वेस चटणी, पश्चिमेस कांदा. दक्षिण बाजू पूर्ण जळाल्याली. घातपाताचा संशय न्हाई."

"संशय न्हाई कसा? मुद्दाम जाळली," भाभी चुलीपाशून म्हणाल्या.

तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. ते दिवस चांगले होते.

आमच्या वाडीच्या वर एक धबधबा आहे आणि धबधब्याखाली डोह. पावसाळ्यात शहरातून माणसं येतात. बहुतेक सगळी भिजून, भजी खाऊन परत जातात. एखादं जात नाही. ते जे जात नाही, त्याच्यापाशी पोलीस येईपर्यंत पाटील बसायचे. एकटं ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. किसनआबा नावाचे एक म्हातारे शेतकरी बहुतेक वेळा त्यांच्याबरोबर असायचे. आबा कायमचे पंच. कानानं अधू, सही येत नाही, अंगठ्याची रेषाही झिजलेली, पण हाक मारली की यायचे. गावात दुसरं कुणी यायला तयार नसायचं, त्यात मीही आले.

तर एका रविवारी चार मित्र आले आणि त्यातला एक डोहात गेला. पाणी एवढं होतं की मयत हाताला लागेना. बाकीच्या तिघांच्या दातखिळ्या बसल्या होत्या. त्यांना विचारून विचारून पाटलांनी वर्णन लिहून घेतलं : अंगात निळा टीशर्ट. रात्री त्या मुलाचा बाप लांबून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली धरणाच्या पाण्यात एक मयत सापडलं, त्याच्या अंगात पिवळा टीशर्ट होता. शेजारच्या गावातूनही आदल्या दिवशी एक जण वाहून गेला होता. पाटलांनी काठावरून पाहिलं, वहीत पाहिलं आणि बापाला सांगितलं, "दादा, ह्यो तुमचा न्हाई. तुमचा निळा हाय. तुमी बघू नका, उगं डोळ्याफुडं ऱ्हातं."

बाप तो दिवसभर पाटलांच्या ओट्यावर बसला. दोन घास जेवला. पोरगा कुठंतरी काठाला लागला असेल, रानात वाट चुकला असेल, असं स्वतःच बोलायला लागला. संध्याकाळी त्या तीन मित्रांतला एक भानावर आला आणि म्हणाला, की फोटोसाठी आम्ही टीशर्ट बदलले होते. पिवळा त्याच्या अंगात होता.

कुणी पाटलांना बोल लावला नाही. बापानंही नाही. जाताना त्यानं पाटलांना हात जोडले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भाभी अजून म्हणतात.

त्यानंतरच्या आठवड्यात पाटलांनी दोनशे पानी वही आणली. रस्ता जिथं डोहाकडं फुटतो तिथं जांभळाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाचे कपडे आणि अंगावरच्या खुणा लिहायला सुरुवात केली. नाव विचारायचे नाहीत. एकदा एक जोडपं काकुळतीला आलं, "काका, नावं लिहू नका हं, घरी माहीत नाही." पाटील म्हणाले, "नावाचा काय उपेग? नाव पान्यात टिकत न्हाई. तीळ सांगा."

शहरातली माणसं तयारीची. त्यांना वाटलं हा सरकारी नाका आहे. गाड्या थांबवून ती रांगेत उभी राहू लागली. कुणी बाही वर करून लसीचा वण दाखवी, कुणी अपेंडिक्सचे टाके. एका मुलीच्या घोट्यावर फुलपाखरू गोंदलेलं होतं, त्याची नोंद 'पाखरू, जात माहीत नाही' अशी झाली. एक गृहस्थ मला विचारत होते, की हे असं वरच्या गडावरपण करावं लागतं का, म्हणजे सगळं एकदमच दाखवून टाकतो.

पुढे वाडीचीही सुटका राहिली नाही. सकाळी शेतावर जाताना नोंद, परत येताना नोंद. दुपारी कपडे बदलले तर पाटलांना कळवायचं, असा रिवाजच पडला. एका लग्नात नवरीनं तीन वेळा साडी बदलली, तर तिचा मामा तिन्ही वेळा जांभळापर्यंत पळत जाऊन सांगून आला. गावाला वहीचा फायदाही कळला. कुणाची शेळी कुणाच्या मागं गेली, कोण कामशेतला जातो म्हणून निघाला आणि उलट्या दिशेला गेला, सगळं वहीत. दोन सासवांनी वही वाचायला मागितली, ती पाटलांनी दिली नाही.

आम्ही याला पाटलांचं खूळ म्हणत होतो. खूळ म्हटलं की पुढं काही करावं लागत नाही.

हे नुसतं खूळ नाही, हे मला कळलं ते शाळेत. एका सकाळी पाटील वर्गात आले आणि माझ्या चौतीस मुलांकडं बघत दारात उभे राहिले. "बाई, ही सगळी एकसारखी हायत," ते म्हणाले. "खाकी आन पांडरं, खाकी आन पांडरं. ह्यातलं एक गेलं तर मी काय लिवू?"

मी म्हटलं, "पाटील, गणवेश आहे तो. एकसारखाच असतो."

"बंद करा."

"मी कोण बंद करणार? सरकारनं दिलाय."

मग त्यांनी खिशातून रंगीत दोऱ्यांची गुंडाळी काढली. प्रत्येक पोराच्या मनगटाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचा. चौतीस रंग जगात आहेत की नाही, मला माहीत नाही. कामशेतच्या दुकानात अकराच मिळाले होते. अकराव्या पोरानंतर पाटील थांबले, उरलेल्या तेवीस पोरांकडं त्यांनी पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. माझा संयम फार नाही. मी ओरडले, "पाटील, माझा तास चाललाय!" त्यांनी वर पाहिलं, तेव्हा दिसलं की ते माझ्या चेहऱ्याकडं पाहतच नाहीत, साडीच्या काठाकडं पाहताहेत. मला भीती वाटली. आणि मग फार लाज वाटली. वर्षभर हा माणूस रोज माझ्यासमोर बुडत होता आणि मी त्याच्यावर चिडत होते.

त्याच सुमारास त्यांची मुलगी सलमा बाळंत झाली. ती लोणावळ्याला दिलेली. दवाखान्यात सगळे बाळाभोवती जमले, आणि पाटलांनी वही काढली. 'सदर बालक, पुरुष, वय चार तास, अंगावर वस्त्र नाही, पाठीवर त्रिकोणी डाग.' सलमानं पडल्या पडल्या ते पाहिलं. तिनं बाळ पुढं केलं तर पाटील मागं सरकले. "माझे हात वल्ले हायत," म्हणाले. हात कोरडे ठणठणीत होते.

"अब्बा," सलमा म्हणाली, "तो मेलेला नाहीये."

पाटलांनी वही मिटली.

"तुम्ही इलाज करून घ्या. नाही केलात तर मी ह्याला वाडीत आणणार नाही. तुमच्या वहीत माझं लेकरू नको."

आणि ती बोलली तशी वागली. वाडीत पहिल्यांदा आजोबा झालेला माणूस पेढे वाटतो. पाटील घरी आले आणि ओट्यावर नुसते बसून राहिले. पुढं ते अधूनमधून लोणावळ्याला जायचे, हातात भाजी, अंडी, काहीतरी घेऊन. दारातच पिशवी ठेवून परत यायचे. आत बाळ रडताना ऐकू यायचं, म्हणायचे.

इलाज करायचा तर त्यांनी ठरवलं होतं. पण इलाज म्हणजे कसा? कुणी दर्ग्याला जा म्हटलं, जाऊन आले. कुणी उतारा टाका म्हटलं, तोही भाभींनी गुपचूप टाकला. आरोग्य केंद्रात ताकदीचं इंजेक्शन मिळालं. शेवटी पाटलांनी त्यांना सगळ्यात खात्रीचा वाटणारा मार्ग धरला. त्यांनी अर्ज केला. 'विषय : सरकारी काम करताना पाहिलेले मयत इसम रात्री घरी येत असलेबाबत व त्यावर उपचार मिळणेबाबत.' कोणत्या कचेरीत दिला ते सांगत नाही, माझी पेन्शन अजून मार्गी लागायची आहे. परतीच्या पावसानं भात झोपवलेला होता, तालुक्यातून येणारा प्रत्येक कागद भाताचा होता. तिथल्या माणसानं विषय न वाचता हाही त्याच गठ्ठ्यात टाकला असणार.

पंधरा दिवसांनी एक कृषी सहायक टेप घेऊन पाटलांच्या दारात हजर.

मी तेव्हा तिथंच होते, म्हणून सांगते. त्यानं फॉर्म उघडला आणि विचारलं, "बाधित पीक कोणतं?"

"मी," पाटील म्हणाले.

पोरगा नवा होता आणि दिवसभरात त्याला अजून बरीच घरं करायची होती. त्यानं 'इतर' लिहिलं. "बाधित क्षेत्र?"

पाटलांनी कपाळावर हात ठेवला, मग छातीवर नेला. "हितनं हितपात."

त्यानं खरंच टेप लावला. बावीस इंच भरलं. "फॉर्मवर गुंठे आहेत," तो म्हणाला. मग दोघांनी मिळून बराच हिशोब केला, तो काही जमला नाही.

"नुकसान किती टक्के? तेहतीसच्या वर पाहिजे, नाहीतर बसत नाही."

पाटलांनी बोटांवर मोजून पाहिलं. "दिवसा तीस असंल," शेवटी ते म्हणाले. "राच्च्याला सत्तर."

"सरासरी पन्नास धरतो. बसलं." मग त्यानं पाटलांना अंगणात उभं केलं आणि मोबाईलमध्ये फोटो काढला, ज्यात अक्षांश-रेखांशही येतात. अडीच महिन्यांनी पाटलांच्या नावानं इंद्रायणी भाताच्या बियाण्याची पिशवी आली. त्यांनी ती नीट माळ्यावर ठेवली. सरकारी इलाज आहे, पेरून बघू, म्हणाले.

मी मात्र पिशवीची वाट पाहत बसले नव्हते. तळेगावला एक मनाच्या डॉक्टर आहेत, माझ्या बहिणीच्या सुनेला तिच्या बाळंतपणानंतर त्यांच्याकडं बरं वाटलं होतं. मी पाटलांना ते सांगितलं. त्यांचं पहिलं उत्तर जे असणार तेच होतं, "मी काय येडा हाय व्हय?"

"वेडे नाही, जखमी आहात. पाय मोडला असता तर घरी बसला असता का?"

"पाय मोडला की पलास्टर दिसतं, बाई. ह्याला काय बांधनार?" त्यांनी वही उघडली, मिटली. मग म्हणाले, "येतो. पन जबाब द्यायचा तर पंच पायजेत. दोन."

म्हणून एका मंगळवारी पेशंट एक आणि पंच दोन, असे आम्ही कान्हे स्टेशनवर तळेगावच्या लोकलमध्ये बसलो. दुसरे पंच अर्थातच किसनआबा. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि शाई लागेल म्हणून अंगठा पुसायला फडकं बरोबर घेतलं होतं. कुणाचा मुडदा आहे, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी दोनदा कोणाचा नाही म्हणून सांगितलं, पण ते त्यांच्या कानापर्यंत पोचलं नसावं.

डॉक्टरीणबाई तीस-बत्तीस वर्षांच्या. आम्हाला तिघांना आत येताना पाहून त्या म्हणाल्या, "पेशंट आत बसतील. तुम्ही दोघं जरा बाहेर थांबा."

पाटील उठून उभे राहिले. "पंच भाईर आन मी आत? मंग मी जे बोलनार त्याला काय अर्थ?"

मला वाटलं आता आम्ही तिघंही बाहेर. पण बाईंनी पाटलांकडं नीट पाहिलं आणि दोन खुर्च्या मागवल्या. "आज पंच बसू देत," त्या म्हणाल्या.

"लिवा," पाटील म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंनी खरोखर लिहायला घेतलं. "मी, हसन बाबू मुलाणी, वय सत्तावन्न, धंदा पोलीस पाटील व शेती, समक्ष विचारलेवरून जबाब लिहून देतो ऐसाजे..." अर्धा तास ते असे बोलत राहिले. चार मित्र, निळा टीशर्ट, पिवळा टीशर्ट, काठावरून पाहिलेलं मयत, ओट्यावर बसलेला बाप. सगळं जागच्या जागी, दिशा आणि वेळेसकट. आवाजात कुठं चढउतार नाही. मी ही हकिगत पूर्वी दहा वेळा ऐकली होती, त्यामुळं मला वाटलं, झालं, एवढ्यासाठी आलो आणि हा माणूस इथंही पंचनामाच करून परत जाणार.

"संपला जबाब," पाटील म्हणाले. "आता वाचून दाखवा."

जबाब घेतला की तो देणाऱ्याला वाचून दाखवायचा असतो. बरोबर आहे असं त्यानं म्हटलं, की मग सही. वीस वर्षं पाटलांनी लोकांना वाचून दाखवले होते. त्यांना स्वतःला कुणी कधी दाखवला नव्हता. बाई हळूहळू वाचू लागल्या. "मी त्या इसमास सांगितले की हा तुमचा मुलगा नाही. त्याने माझे दोन्ही हात धरले व म्हणाला, पाटील, तुमच्या तोंडात साखर पडो." त्या थांबल्या. "बरोबर आहे?"

पाटलांनी सहीसाठी पुढं केलेला हात मागं घेतला.

"न्हाई," ते म्हणाले. "एक ऱ्हायलं."

"सांगा."

"सकाळी धाच्या टायमाला त्यांनी टीशर्ट बदलले. आमच्या फाट्यावरच. मी तितंच हुबा होतो, म्या बघितलं. हसलो बी. म्हनलं, काय रं, कापडं बदलली म्हंजी मानूस बदलतो व्हय?" ते खुर्चीत पुढं सरकले. "म्या बघितलं हुतं वो बाई. ध्यानातनं गेलं. त्या बापाला दिसभर चा पाजत बसलो, आन मला ठावं हुतं. मला ठावं हुतं आन मला आठवलं न्हाई."

ते रडायला लागले. मोठा माणूस रडताना बघवत नाही, पण मी नजर वळवली नाही, कारण मला पंच म्हणून बसवलं होतं. त्या एकाच खुणेसाठी त्यांनी सगळ्या जगाच्या खुणा लिहून काढल्या होत्या, आणि हे घरातसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. मलाही रडू आलं.

एवढ्यात किसनआबांनी फडकं उलगडलं आणि मोठ्यानं विचारलं, "अंगठा कुटं करू?"

बाईंनी त्यांना हातानंच थांबा म्हणून खुणावलं. पाटील शांत होईपर्यंत थांबून त्यांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला. मग म्हणाल्या, "आज एवढं पुरे. पुढच्या मंगळवारी या. पंच नकोत. इथलं बोलणं बाहेर जात नाही, आणि सही लागत नाही."

सही लागत नाही हे पाटलांना पटेचना. बिनसहीचा जबाब म्हणजे काय? शेवटी बाईंनी कागद पुढं केला. पाटलांनी सही केली, मी केली आणि आबांनी अंगठा उमटवला. बाईंनी तो कागद पाटलांसमोर कपाटात कुलूप लावून ठेवला.

परत येताना गाडीत आम्ही तिघं एकाच बाकावर बसलो. वडगाव गेल्यावर आबा, ऐकू येत नसलेली माणसं बोलतात तेवढ्या मोठ्यांदा म्हणाले, "हसन, म्होरल्या मंगळवारी मी बी येतो."

"तुमी कशाला आबा? पंच नगं म्हनल्या."

"पंच म्हनून न्हाई. मला ती हिरव्या लुगड्यातली बाई दिसती. धा वरसं झाली. गोठ्यात हुबी असती." सगळा डबा आमच्याकडं बघायला लागला. "तुला सांगितलं न्हाई. तुला आदीच लय ताप."

पाटलांनी आबांचा हात धरला आणि कान्हे येईपर्यंत सोडला नाही.

मग दर मंगळवारी ते दोघं जाऊ लागले. गावात कुणी विचारलं तर आबा खुशाल सांगायचे, "डोस्क्याच्या डाक्टरकडं," आणि विचारणाराच ओशाळायचा. हे काही जादूनं झालं नाही. गोळ्या होत्या, त्यांनी पाटील दुपारी पेंगायचे आणि वैतागायचे. मधे एक महिना ते गेलेच नाहीत, मग भाभींनी हाताला धरून नेलं. डॉक्टरीणबाईंनी वही बंद करा असं सांगितलं नाही. कपड्यांऐवजी दुसरं काहीतरी लिहा, माणूस जिवंत असल्याची खूण लिहा, एवढंच सांगितलं. पाटलांनी ती आज्ञा तंतोतंत पाळली. 'सकाळी सात वाजून दहा मिनिटे. सदर बाई हसल्या. कारण समजून आले नाही.' 'किसन आबाजी यांनी स्वतःशी गाणे म्हटले. शब्द चुकीचे होते.' 'शाळेतील मुले ओरडली. दिशा सर्व.' आणि ती सरकारी पिशवी त्यांनी जूनमध्ये पेरली. रोप चांगलं आलं, हे मी कबूल करते.

पावसाळा जवळ आला तेव्हा बाईंनी त्यांना एक कागद दिला, की यंदाच्या हंगामात यांना मयताच्या कामावर बोलावू नये. तो कागद घेऊन ठाण्यात जायला पाटलांना आठ दिवस लागले. लोक काय म्हणतील, वीस वर्षांचा पाटील भ्याला म्हणतील. शेवटी गेले. तिथल्या साहेबांनी कागद वाचला, बराच वेळ वाचला, आणि पलीकडच्या गावच्या पाटलांना चार्ज दिला. बाहेर सोडायला आले तेव्हा त्यांनी हळूच डॉक्टरांचा पत्ता विचारला, असं पाटलांनी मला सांगितलं. ही गोष्ट मी इथं लिहायला नको होती बहुतेक.

जुलैअखेर मी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी शाळेच्या किल्ल्या देऊन निरोप घ्यायला पाटलांकडं गेले, तर घरात धांदल. सलमाचा सकाळी फोन आला होता, की येते, त्याला घेऊन येते. कुणी तिला काय सांगितलं, की तिचं तिनंच ठरवलं, मी विचारलं नाही. भाभी खिरीला दूध आटवत होत्या. पाटील अंगणातून रस्त्याकडं आणि रस्त्याकडून अंगणात फेऱ्या घालत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून कोण बोलत होतं ते मला ऐकू आलं नाही, पण पाटलांचा चेहरा पाहून कळलं. डोहात कुणीतरी गेलं होतं. चार्ज दुसऱ्याकडं होता, तरी वीस वर्षांच्या सवयीनं कुणीतरी यांनाच फोन लावला होता.

पाटील उभेच राहिले. भाभी पळी हातात घेऊन दारात आल्या. पाटलांचा दुसरा हात आपोआप छत्रीकडं गेला होता, तो मी पाहिला.

"साहेब," ते म्हणाले, "मी येत न्हाई. तिकडच्या पाटलास्नी फोन करा, ते येतील." मग जरा थांबून म्हणाले, "कुनीतरी जवळ बसा त्याच्या. यकटं ठिवू नका." आणि त्यांनी फोन बंद केला. त्यानंतर किती तरी वेळ ते खांबाला धरून उभे होते.

सलमा आली. नऊ महिन्यांचं पोर, गुटगुटीत, परक्या घरात आल्यावर पोरं बघतात तसं टकामका बघणारं. तिनं विचारलं नाही, थांबली नाही, सरळ अब्बांना ओट्यावर बसवलं आणि पोर त्यांच्या मांडीत ठेवलं. पोरानं त्यांची दाढी धरली. पाटील हलले नाहीत. ते त्याच्या तोंडाकडं बघत राहिले, कपाळ, डोळे, गाल, एकेक करून, आणि सलमा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"नाक आमच्या अम्मीचं हाय," पाटील म्हणाले.

सलमा तिथंच पायरीवर बसली आणि तोंडात पदर धरून रडू लागली. भाभी आतून ओरडल्या, दूध उतू जातंय, कुणीतरी या. कुणी गेलं नाही, शेवटी मीच गेले आणि पातेलं उतरवलं.

बाहेर आले तेव्हा पाटील पोराशी काहीतरी बोलत होते. मी म्हटलं, "येते मी पाटील." मग आणखी एकदा म्हटलं, जरा मोठ्यानं. त्यांनी मान वर केली नाही. मी चपला घातल्या आणि फाट्याकडं चालू लागले.